टेकडीवरचा डबा

बडनेऱ्याला रेल्वेत कामाला असलेले एक काका सुटीच्या दिवशी टेकड्यांवर डबे लपवतात. डब्यात एक वही आणि रबरी शिक्का असतो. शोधणाऱ्याने वहीत दोन ओळी लिहायच्या, शिक्का आपल्या वहीत उमटवून न्यायचा आणि डबा होता तसा ठेवायचा. काका प्रत्येकाला बोट नाचवत बजावतात, "कोणी पाहून राहिलं तं डब्याले हात लावू नका. फांदी तोडू नका. आन झाकण घट्ट लावा!"

एकदा एसटी चुकेल म्हणून घाईत मी झाकण नुसतंच टेकवलं. घरी आल्यावर आठवलं, आणि दोन दिवस पाऊस लागला. त्या वहीत अकोल्याच्या एका मास्तरांनी काढलेला मोर होता. ते मास्तर गेल्या वर्षी वारले.

उघडीप मिळताच मी टेकडी गाठली. काका आधीच तिथे बसले होते. ओली वही मांडीवर घेऊन रुमालाने एकेक पान टिपत होते.

"काका, झाकण माझ्याकडूनच उघडं राहिलं."

त्यांनी वर न बघता विचारलं, "मंग सांगाले कावून आल्या? कोणाले समजलं असतं?"

मी त्यांच्या शेजारी बसले. त्यांनी पान उलटलं. पिसाऱ्याची कडा जराशी पसरली होती, पण मोर शाबूत होता. माझ्या जिवात जीव आला.

दुपारपर्यंत आम्ही पानं वाळवली. मग काकांनी डबा माझ्या हातात दिला आणि पाठ फिरवून उभे राहिले.

"आता तुमीच लपवा. जागा मले सांगू नका, मी शोधतो."