गच्चीवरची बोट

बोट विकत घेऊन ती न वापरणारी माणसं जगात पुष्कळ असतील, पण बोट विकत घेण्याआधीच ती तीन वर्षं मनसोक्त वापरणारा माणूस या भूतलावर एकच आहे, आणि दैवयोगाने तो माझा थोरला साडू आहे. माझी कोलकात्याला बदली झाली तेव्हा बायको म्हणाली होती, "घाबरू नका, बालीगंजला ताई आहे." भाऊजींबद्दल ती अवाक्षर बोलली नाही. पहिल्याच रविवारी आम्ही डमडमहून त्यांच्याकडे जेवायला गेलो. मी नुसतं विचारलं, की परत जाताना कुठली बस बरी? साडूंनी खिशातून खडू काढला, माझ्या ताटाशेजारी जेवणाच्या टेबलावरच सारा रस्ता आखला आणि आमटीची वाटी उचलून म्हणाले, "ही जरा सरकवा साडूभाऊ, इथे सियालदा येतं." जन्मभर त्यांनी इंजिनिअरिंगच्या पोरांना ड्रॉइंग शिकवलं. निवृत्त झाल्यावर कॉलेजने त्यांना शाल दिली, श्रीफळ दिलं, पण खिशातला खडू काढून घ्यायचं कुणाला सुचलं नाही.

त्यांचे आजोबा या शहरात नोकरीला आले आणि इथलेच झाले. त्यामुळे साडूंचं मराठी घरातलं आणि पोट बंगाली. आनंद झाला की "दारुण!" म्हणतात, आणि नवख्या मराठी माणसाला वाटतं, काहीतरी वाईट घडलं. सकाळी गडियाहाटच्या बाजारात मासळीसमोर ते असे उभे राहतात की डॉक्टरने पेशंट तपासावा. कल्ला उघडतात, डोळ्यात पाहतात, पोट दाबतात, आणि मग ताईंनी सांगितलेलाच मासा मुकाट्याने पिशवीत टाकतात. मासे धरण्याचा नाद मात्र याहून जुना. बारुईपूरकडे त्यांच्या एका मित्राचं तळं आहे, तिथे ते गळ टाकून दिवसच्या दिवस बसायचे. त्या तळ्यातले मासे आमिष खाऊन खाऊन इतके गलेलठ्ठ झाले, की मित्राने कृतज्ञतेपोटी त्यांच्याकडून कधी चहाचीसुद्धा अपेक्षा केली नाही. "मासा धरणं आणि मासा मिळणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत," असं ते सांगायचे. दुसरी त्यांच्या वाट्याला आली नव्हती.

तर अशा या माणसाने एका दिवाळीला, तोंडात चकली असताना, जाहीर केलं की आपण बोट घेणार. लहानशी, केबिन असलेली, ट्रेलरवर चढवून गाडीमागे ओढत नेता येईल अशी. "सहकुटुंब मासेमारीसाठी," असं म्हणून त्यांनी 'सहकुटुंब' या शब्दावर टेबल वाजवलं. त्यांची लेक हसली, माझी बायको हसली. ताईंनी करंज्यांचं ताट पुढे केलं आणि शांतपणे म्हणाल्या, "तुम्ही खुशाल जा. मी काठावर डबा घेऊन बसेन."

खरी अडचण तीच होती. ताई नाशिकच्या. लहानपणी गोदावरीच्या पायरीवरून पाय घसरला आणि कुणीतरी वेणी धरून वर काढलं, तेव्हापासून पाणी तांब्याबाहेर असलं की त्यांना घाम फुटतो. लग्न होऊन कोलकात्याला आल्या, संसार झाला, केस पांढरे झाले, पण हुगळीवरच्या फेरीबोटीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नाही. हावड्याला जायचं तर पुलावरून, आणि तेही डोळे मिटून. आणि साडूंना तर नेमकं त्यांनाच पाण्यावर न्यायचं होतं. त्यांच्या लहानपणी वडिलांनी एकदा होडी ठरवली होती. दिवसभर नदीवर मासे धरायचे म्हणून सगळं घर निघालं. मासा काही मिळाला नाही, मग आईने होडीतच शेगडी पेटवून खिचडी टाकली. त्या खिचडीची चव सांगताना साडूंचा आवाज अजूनही बदलतो. "मासे काय साडूभाऊ, बाजारात आहेतच," ते एकदा मला म्हणाले. "पण ही काठावर आणि मी पाण्यात, ही सहल नव्हे. हा विरह झाला."

दुसऱ्या कुणी अशा वेळी बायकोची समजूत घातली असती. साडूंनी खडू काढला. मासिकांतून, फोनवरून, ओळखीपाळखीतून ज्या ज्या बोटीची मापं मिळतील, ती ती बोट ते बिल्डिंगच्या गच्चीवर खऱ्या आकारात आखू लागले. टोक पाण्याच्या टाकीकडे, मागची बाजू कपड्यांच्या दोरीकडे. केबिन, बाकं, इंजिन, गळ ठेवायची जागा, सगळं जिथल्या तिथे. आणि मग रविवारी संध्याकाळी आम्हां सर्वांना त्या रेषांच्या आत बसवून चहा. नियम कडक. रेषेवरून पाय टाकायचा नाही, ठरल्या जागेवरून चढायचं. भिंतीतून कुणी आत आलं तर साडू ओरडायचे, "अहो, तुम्ही बुडालात! परत चढा!" ताईंनी पहिल्याच दिवशी आपली एक अट घातली. ताटं-कपबश्या मांडलेल्या ठिकाणी चपला घालून यायचं नाही. त्यामुळे बोटीच्या बाहेर आमच्या पाच जोड चपला देवळाबाहेर ठेवाव्यात तशा ओळीने लागायच्या. चौथ्या मजल्यावरचे बंगाली गृहस्थ मिरच्या वाळत घालायला आले की विचारायचे, "दादा, नौका कॉखोन छाडबे?" म्हणजे सुटणार कधी? साडू घड्याळ बघून गंभीरपणे सांगायचे, "जोआर आशुक." भरती येऊ दे.

बोटी बदलत गेल्या, चहा चालूच राहिला. एकीचा तळ निमुळता निघाला. लाट छान कापते, पण उभी राहिली की डुलते. नापास. "मासे धरायचे म्हणजे थांबूनच धरायचे ना? मग थांबल्यावर गप्प राहील अशीच पाहिजे." एक इतकी जड, की त्यांच्या म्हाताऱ्या गाडीने ओढण्याऐवजी तीच गाडीला ओढत नदीत घेऊन गेली असती. मधल्या काळात ट्रेलर मागे घेण्याचा सराव म्हणून ते चाकांच्या खुर्चीला चहाची ट्रॉली दोरीने बांधून ती घरभर उलटी फिरवत. "डावीकडे न्यायची तर स्टिअरिंग उजवीकडे," ते मला समजावत. "तुमच्या ताईंना सिनेमाला न्यायचं असलं की मी म्हणतो, आज घरीच बसू. अगदी तसंच." एवढ्यात ट्रॉली देवघरावर आदळली आणि पुढचा धडा ताईंनी घेतला.

प्रत्यक्ष बोटी बघायला ते मला बरोबर न्यायचे. विकणारा इंजिनाचं कौतुक सांगत असायचा, आणि साडू खिशातून एक दोरी काढायचे. तिच्या टोकाला किल्ल्यांचा जुडगा आणि वर एके ठिकाणी गाठ. जुडगा जमिनीला टेकवून ते दोरी बोटीच्या काठाला लावत. काठ गाठीच्या वर गेला की बोट नापास, मग ती सोन्याने मढवलेली का असेना. मला वाटलं, हे कसलं तरी जुनं नाविकशास्त्र असेल. एकदा मी विचारलंच. साडू जरा ओशाळले. "देवघराची पायरी चढताना हिचा पाय किती वर जातो, ते माप आहे," म्हणाले. "त्याहून उंच चढावं लागलं तर ही नको म्हणेल, आणि कारण पाण्याचं सांगेल." तोपर्यंत मी, माझी बायको आणि त्यांची लेक, आम्ही तिघं त्यांना चंचल समजत होतो. त्या दिवसापासून मी त्यांच्या तऱ्हेवाईकपणाची चेष्टा करायचं सोडलं नाही, पण ती जरा जपून करू लागलो.

शेवटी हावड्याच्या एका शेडमध्ये गाठीच्या खाली राहणारी बोट सापडली. मालक शहर सोडून चालला होता. चपटा तळ, बुटकी केबिन, दोन बाकं, रंग उडालेला. थंडीतल्या एका सकाळी रायचककडे एका घाटावर आम्ही ती उतरवली. साडूंनी ट्रेलर उलटा नेताना दोनदा रस्ता सोडला, एकदा एक शेळी वाचवली, पण बोट पाण्यात गेली आणि पायऱ्यांना लागून उभी राहिली. ताई "नुसतं बघायला" आल्या होत्या. वरच्या पायरीवर चौरंगासारखं छोटं स्टूल टाकून, मांडीवर डबा घेऊन बसल्या. आम्ही एकेक करून चढलो. साडूंनी त्यांना बोलावलं नाही. समजूत नाही, आर्जव नाही. थर्मास उघडला, पाच कप बाकावर मांडले आणि पाठमोरेच, गच्चीवर दर रविवारी म्हणायचे तसं म्हणाले, "अगं, चहा निवतोय."

"आले," ताई म्हणाल्या. उठल्या, पायऱ्या उतरल्या, चपला काढल्या, ठरल्या जागेवरून पाय टाकला आणि केबिनच्या दाराशी डावीकडे आपल्या जागेवर जाऊन बसल्या. कप उचलला, घोट घेतला. आणि मग बोट जराशी हलली. ताईंचा चेहरा पांढरा पडला. त्यांनी साडूंचं मनगट घट्ट धरलं. "अहो, ही हलतेय."

"हो," साडू म्हणाले. "गच्ची हलत नव्हती. ड्रॉइंगमध्ये तेवढं दाखवता येत नाही." हे बोलताना त्यांचा आवाज खिचडीची गोष्ट सांगतानाचा झाला होता. ताईंनी पाण्याकडे बघत आणखी एक घोट घेतला. मग म्हणाल्या, "साखर कमी पडलीय." आम्ही सगळ्यांनी एकदम श्वास सोडला.

दोर सोडला, बोट थोडी आत गेली, गळ पडले. एवढ्यात माझ्या बायकोने विचारलं, "ताई, ही चप्पल तुझी ना?" पाण्यावरून एक चप्पल संथपणे चालली होती. तिच्यामागून दुसरी, मग माझा बूट. तीन वर्षांच्या सवयीने आम्ही पाचही जणांनी चपला खालच्या पायरीवर ओळीने काढून ठेवल्या होत्या, आणि भरतीचं वेळापत्रक तोंडपाठ असलेल्या माणसाची जोडी त्यात सर्वांत पुढे होती. साडूंनी गळ फेकला आणि आयुष्यात पहिल्यांदा काहीतरी लागलं. ताईंची डावी चप्पल. "दारुण!" ते ओरडले. उजवी मात्र हाती आली नाही. ताई तिच्याकडे बघत हसत म्हणाल्या, "जाऊ दे. मी नाही गेले, निदान ती तरी गंगासागरला पोचेल." संध्याकाळी आम्ही पाच जण अनवाणी बालीगंजला उतरलो. बंगाल्यांत सुतकात अनवाणी चालतात, त्यामुळे चौथ्या मजल्यावरच्या गृहस्थांनी हात जोडून हलक्या आवाजात विचारलं, "के गॅलेन?" कोण गेलं? साडूंनी ती एक चप्पल त्यांना दाखवली.

पुढे दोन हिवाळे बोट पाण्यात जात राहिली. मग माझी बदली झाली आणि आम्ही नागपूरला आलो. या वर्षी गेलो तर बोट विकलेली होती. ताईंचे गुडघे गेलेत, गच्चीचा जिनासुद्धा त्यांना चढवत नाही. मी काय बोलावं या विचारात दिवाणखान्यात शिरलो, तर जेवणाचं टेबल भिंतीला सरकवलेलं आणि जमिनीवर खडूची नवी बोट. तिचं टोक देवघराच्या पायरीला टेकलेलं. "हिच्या कुशीलाच दार आहे," साडू उत्साहाने सांगू लागले. "काठ चढायलाच नको." दोरी खिडकीच्या खिळ्याला लटकत होती. जुडगा तोच होता, पण गाठ फार खाली आली होती. मी बघतोय हे त्यांच्या लक्षात आलं. "अजून जमिनीच्या वर आहे ना, साडूभाऊ?" ते हळूच म्हणाले. "मग झालं."

ताई बोटीत डावीकडे खुर्चीवर बसल्या होत्या. डॉक्टरांनी घरात घालायला सांगितलेल्या त्यांच्या मऊ सपाता रेषेच्या बाहेर नीट काढून ठेवलेल्या. त्यांनी आमच्याकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "अहो, या ना दोघं. चहा निवतोय."

आम्ही ठरल्या जागेवरून आत गेलो.