चिवड्याच्या डब्यातला स्कोअर

मंगळवारी सकाळी बाबा गेले. चहा गॅसवर होता. रेडिओ चालू होता, तो आईनं बंद केला.

पुढे तो लागला नाही. आईच्या माहेरची रीत अशी, की घरातलं माणूस गेलं की वर्षश्राद्ध होईपर्यंत रेडिओ-टीव्ही बंद. पण आईला क्रिकेटचं वेड होतं आणि कानांनी कमी ऐकू यायचं. इतकी वर्षं बाबा समालोचन ऐकत आणि दर ओव्हरनंतर स्वयंपाकघराच्या दारात येऊन तिला ओरडून स्कोअर सांगत. आता तेही नव्हतं. भाजी निवडताना ती मध्येच विचारायची, "आज मॅच असेल ना गं?"

"हेडफोननं ऐक," मी म्हटलं. "कुणाला कळणार नाही."

"देवाला कळेल."

"देव कुणाला सांगत नाही. शेजारच्या काकू सांगतात."

हे तिला पटलं. नाशिक रोडच्या आमच्या कॉलनीत भिंती अशा होत्या, की काकूंनी मिरचीची फोडणी दिली की ठसका आम्हाला लागे.

पण छोट्या ट्रान्झिस्टरचा आवाज हेडफोनमधूनही आईपर्यंत पोचेना. तो वाढवायला ॲम्प्लिफायर हवा होता. दुसऱ्या कुणी तो विकत आणला असता. मी ग्रंथपाल, मी त्यावर वाचायला घेतलं. बाबांनी जुना रेडिओ मोडताना त्यातले दोन व्हॉल्व्ह जपून ठेवले होते. काचेच्या छोट्या बाटलीसारखे दिसणारे, चालू केले की आत लालसर पेटणारे. सायबर कॅफेत मला कमी व्होल्टेजवर चालणारी एक आकृती मिळाली. वर लिहिलं होतं, अगदी नवशिक्यांसाठी. लिहिणाऱ्यानं मला पाहिलं नव्हतं.

शालिमार चौकातल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात दुकानदारानं माझी सुट्या भागांची यादी वाचली. "ताई, ज्यांना बनवायचंय त्यांनाच पाठवा ना."

"मलाच बनवायचंय."

त्यानं यादी पुन्हा वाचली. "शॉक लागला तर माझ्या दुकानाचं नाव सांगू नका."

घरी आल्यावर मी प्रत्येक रेझिस्टरला चिकटपट्टीवर दाखल क्रमांक घातला आणि नोंदवहीत विषयवार मांडणी केली. यात दोन रविवार गेले. तिसऱ्या रविवारी सोल्डरिंग सुरू केलं आणि पहिला जोड इतका पक्का बसला, की टेबलक्लॉथही त्यातच जोडला गेला. तेवढा तुकडा कापून काढावा लागला. आई म्हणाली, "राहू दे. पुढच्या वेळी बनवताना कापड लागेल हे माहीत असलेलं बरं."

पेटी म्हणून तिनं चिवड्याचा स्टीलचा डबा दिला. झाकणाच्या खाली, डब्याच्या बाहेरच्या अंगावर, बाबांचं नाव कोरलेलं होतं. तो तिनं तीनदा घासला, तरी व्हॉल्व्ह तापले की घरभर चिवड्याचा वास सुटायचा आणि आम्हा दोघींना भूक लागायची.

पहिल्यांदा चालू केला तेव्हा हेडफोनमधून नुसतं घोंऽऽ येत होतं.

आई लक्ष देऊन ऐकत म्हणाली, "कुणीतरी जप करतंय."

वास खरंच डब्याचाच ना, हे बघायला तिनं डबा उचलला आणि जप थांबला. हात काढला, सुरू. ठेवला, बंद. मग ती हात ठेवूनच ऐकायला लागली. आठवड्यानंतर मला सापडलं की एक तार डब्याला जोडायची राहिली होती. मी ती जोडली. घोंऽऽ गेलं. आईनं हात काढला नाही.

त्या रविवारी मॅच होती. मी दारं-खिडक्या लावल्या. आईनं पदरावरून हेडफोन चढवला, डाव्या हाताखाली बाबांचं नाव. घरात टाचणी पडली तरी ऐकू येईल अशी शांतता. आपण शास्त्रात काहीतरी केलं, असं मला वाटलं.

"अरे मेल्या, धाव की!"

कानांवर हेडफोन असलेल्या माणसाला आपला आवाज ऐकू येत नाही, हे त्या आकृतीत कुठेच लिहिलं नव्हतं.

"झेल! झेल रे, मुडद्या!"

मी तिच्यापर्यंत पोचेपर्यंत काकू दारात होत्या. घेरी आलेल्याला हुंगायला देतात तसा अर्धा फोडलेला कांदा त्यांच्या हातात होता.

"वहिनींना काय झालं गं?"

आईनं त्यांना पाहिलं आणि गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "बसा! सहा गेले!"

काकू कांदा धरून उभ्या. डबा पाहिला, हेडफोन पाहिला, डब्यावरचा आईचा हात पाहिला. मी मान खाली घातली. आता हे उद्या भाजीबाजारापर्यंत जाणार.

"किती हव्यात?" काकूंनी विचारलं.

मी आईच्या हेडफोनची एक बाजू उचलून कान लावला. "बावीस," मी म्हटलं.

"आमच्याकडे सुना सिरियल सोडत नाहीत." त्या बसल्या. "आणि रेडिओ लागलाय असं मी कशी म्हणू? मला ऐकूच आला नाही. वहिनीच ऐकू आल्या."

त्या दिवसापासून दर ओव्हरनंतर आई हेडफोन काढून भिंतीशी जायची आणि काकूंना स्कोअर ओरडून सांगायची. वर्षश्राद्ध झालं, मोठा रेडिओ पुन्हा लागला. तिनं डबा सोडला नाही.

आता आई नाही. काकू मुलाकडे गेल्या. डबा माझ्या पुस्तकांच्या कपाटात आहे. एक व्हॉल्व्ह पेटतो आणि डाव्या कानात ऐकू येतं.