छापता न येणारं नाव

आमच्या एका मित्राचं टोपणनाव इथे छापता येणार नाही. त्यात एक प्राणी आहे आणि एक अवयव आहे, आणि निसर्गात या दोघांची कुठेही गाठ पडत नाही. चिंचवड स्टेशनमागच्या पत्र्याच्या खोल्यांत आम्ही चौघं वाढलो. तिथल्या सार्वजनिक नळावर कधीतरी ते नाव त्याला चिकटलं आणि नंतर निघालंच नाही. त्याची आईसुद्धा त्याला जेवायला त्याच नावाने बोलवायची. अर्थात, अवयव वगळून.

यंदा त्याच्या मुलीचं लग्न ठरण्याच्या बेतात आलं. मुलगा चाकणजवळच्या निघोजे गावचा. दोघं हिंजवडीला एकाच कंपनीत, आणि येण्याजाण्याला एकच कॅब. तासन्‌तास अडकून पडलेल्या त्या कॅबमध्ये त्यांनी एकमेकांना पसंत केलं. हिंजवडीच्या ट्रॅफिकने आजवर केलेलं विधायक काम म्हणून माझ्या माहितीत एवढंच आहे.

उरली होती बोलणी. बोलण्यांना मुलीकडून चार वडीलधारी माणसं बसावी लागतात. मित्राचे भाऊबंद सगळे उदगीरकडे, आणि शेताच्या बांधावरून त्यांच्याशी बोलणं बंद. तेव्हा वडीलधारी माणसं म्हणून आमची नेमणूक झाली. एक मी. दुसरा देहूरोडला गॅरेज चालवणारा मेकॅनिक, लहानपणापासून आमच्या भिंतीला भिंत लागून राहिलेला. तिसरा हिंजवडीच्याच कंपन्यांच्या कॅब चालवणारा ड्रायव्हर. मुलीच्या प्रेमाला आपलाच धंदा कारणीभूत, म्हणून याची छाती आधीच फुगलेली.

बैठकीआधी मित्राने आम्हाला गॅरेजात गोळा केलं.

"हे बघा, त्या दिवशी ते नाव कुणाच्या तोंडातून निघालं ना, तर पोरीचं लग्न मोडेल. मुलाचे वडील अध्यक्ष आहेत."

"कशाचे?" मी विचारलं.

"सगळ्याचे."

"मग तुला म्हणायचं काय?" मेकॅनिकने विचारलं.

"माझं नाव म्हणा की!"

आम्ही तिघांनी एकमेकांकडे पाहिलं.

"तुम्हाला माझं नाव माहीत नाही?"

"माहीत कसं नाही, भावा," ड्रायव्हर म्हणाला. "आत्ता आठवत नाहीये, इतकंच."

मित्राने ते दातओठ खात सांगितलं. मेकॅनिक म्हणाला, "हजेरीत हे नाव यायचं ते तुझं होतं होय? मला वाटायचं, तो पोरगा कायमचा गैरहजर आहे." मग आम्ही पाढा म्हणावा तसं ते घोकलं. ओळख करून देण्याचं काम ड्रायव्हरकडे दिलं, कारण दिवसभर लोकांना 'सर' म्हणून त्याच्या जिभेला सभ्यपणाचं वळण लागलं होतं.

रविवारी सकाळी मोशीला मित्राच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये पाहुणे आले. अध्यक्षांचा पांढरा शर्ट इतका कडक होता की तो आधी बसला आणि अध्यक्ष नंतर. त्यांनी प्रत्येकाला आपलं कार्ड दिलं. ते दोन्ही बाजूंनी भरलेलं होतं. छापखान्याने आणखी कडा दिल्या असत्या तर त्याही भरल्या असत्या. त्यांच्यासोबत मुलाचे म्हातारे मामा होते. ते कोपऱ्यात बसून तंबाखू मळत होते आणि त्यांच्याकडे कार्ड नव्हतं.

अध्यक्षांनी समाज, संस्कार आणि विकास या विषयांवर थोडक्यात बोलतो म्हणून सुरुवात केली. चहा गार झाला. शेवटी ते म्हणाले, "आता आपल्याकडचा परिचय होऊ द्या."

ड्रायव्हर उभा राहिला. खरं तर उभं राहायचं ठरलं नव्हतं.

"हे मुलीचे वडील," त्याने हात केला. "आमचे लहानपणापासूनचे मित्र. चाकणला मोठ्या कंपनीत सुपरवायझर. यांचं नाव…"

आणि तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावरून मला कळलं की त्याच्या डोक्यात या क्षणी फक्त एक प्राणी आणि एक अवयव आहेत. मी मदत करायला तोंड उघडलं आणि लगेच मिटलं. माझ्याही डोक्यात तेच होतं.

"यांचं नाव… सर," ड्रायव्हर म्हणाला.

अध्यक्षांच्या भुवया वर गेल्या. ज्यांना मुलीच्या बापाचं नाव येत नाही ती माणसं कसली वडीलधारी, हा प्रश्न त्यांच्या कपाळावर ठळक अक्षरांत उमटला. मित्राचा रंग उडाला. स्वयंपाकघराच्या दारात मुलगी ट्रे घेऊन उभी होती.

तेवढ्यात तिच्या मागून वहिनी पुढे आल्या. इतकी वर्षं नवऱ्याला 'अहो' म्हणणाऱ्या त्या बाईने पदर सावरला आणि खणखणीत आवाजात उखाणा घेतला:

"चाकणच्या बटाट्याला निघोज्याची माती,
अमुकरावांचं नाव घेते, जुळू देत नाती!"

'अमुक' मी घातलंय. त्यांनी खरं नाव घेतलं. मामांनी "वा!" म्हणून मांडीवर थाप मारली. अध्यक्षसुद्धा सैल झाले. सगळं सावरलं होतं. आणि तेव्हाच मेकॅनिक, जिवावरचं संकट टळल्याच्या आनंदात, मोठ्याने म्हणाला,

"हां! आपल्या"—इथे प्राणी, इथे अवयव—"चं खरं नाव हेच की, राव!"

पंखा फिरत होता, म्हणून काहीतरी चालू आहे असं वाटत होतं.

"काय म्हणालात?" अध्यक्षांनी विचारलं.

मित्र जमिनीकडे बघत होता. मग कोपऱ्यातून मामा म्हणाले, "त्यात लाजायचं काय? आमच्या या अध्यक्षाला सारं गाव काय म्हनतं, ठाव हाय का?"

"मामा!" अध्यक्ष ओरडले.

मामांनी सांगून टाकलं. प्राणी तोच होता. अवयव वेगळा होता.

सगळ्यात आधी मुलगी हसली. मग वहिनी. अध्यक्षांनी थोडा वेळ शर्टाचा आधार घेतला, पण शेवटी तोही चुरगळला. डोळे पुसत त्यांनी मित्राला विचारलं, "तुमचं कशावरून पडलं?"

"नळावरून. तुमचं?"

"विहिरीवरून."

पाण्याचा विषय निघाल्यावर देण्याघेण्याची बोलणी कुणाच्या लक्षातच राहिली नाहीत. मामांनी साखर मागवली, सगळ्यांच्या तोंडात घातली आणि लग्न ठरलं.

पाहुण्यांच्या आधी आम्ही तिघं खाली उतरलो, तर मेकॅनिकचं हेल्मेट वरच राहिलेलं. जिना पुन्हा चढायचा त्याला कंटाळा. त्याने वर बघून, झाल्या प्रकाराचं प्रायश्चित्त म्हणून, मित्राला त्याच्या खऱ्या नावाने हाक मारली. पुन्हा मारली. वर कुणी हललं नाही. गेटवरचा वॉचमन म्हणाला, "या नावाचं इथं कुणी राहत नसेल, काका."

मग मेकॅनिकने जुनीच हाक दिली. पण सोसायटी सभ्य होती, म्हणून फक्त प्राण्यापर्यंत येऊन थांबला.

तिसऱ्या मजल्याच्या गॅलरीतून दोन डोकी एकदम बाहेर आली.

"काय रे?" दोघांनी विचारलं.