आठ पॉइंट सहा

मस्कतच्या एका भारतीय शाळेत मी काही वर्षं बारावीला केमिस्ट्री शिकवत होते. एप्रिलमध्ये नवं वर्ष सुरू झालं की पहिल्याच तासाला मी एक कागद वाटत असे. दोन्ही बाजूंनी छापलेला, बारा नियमांचा, तळाशी पालकांच्या सहीसाठी जागा. मुलं त्याला ‘मॅमचं कॉन्स्टिट्यूशन’ म्हणत. मला ते ठाऊक होतं आणि मनातून आवडतही होतं.

नियम साधेच होते. एप्रन नसेल तर लॅबच्या बाहेर. केस बांधलेले हवेत, हिजाबची टोकं आत खोचलेली हवीत. होमवर्क एक दिवस उशिरा आला तर अर्धे मार्क, दोन दिवस उशिरा आला तर शून्य. घरचे सगळे सूर शहराला फिरायला गेले होते, हे कारण चालणार नाही. प्रयोगाच्या वहीत, म्हणजे रेकॉर्डमध्ये, उजव्या पानावर पेनने लिहायचं, डाव्या कोऱ्या पानावर आकृती आणि आकडेमोड पेन्सिलने. सातवा नियम असा, की रीडिंग कच्च्या कागदावर नाही, थेट रेकॉर्डमध्ये लिहायचं. चुकलं तर एकाच आडव्या रेघेने खोडायचं, खालचं वाचता आलं पाहिजे. व्हाइटनर दिसला तर सही मिळणार नाही. नववा असा, की टायट्रेशनची तीन रीडिंग एकमेकांशी आणि अपेक्षित उत्तराशी जुळली पाहिजेत. बारावा सगळ्यांत जालीम होता. रेकॉर्डवर माझ्या सगळ्या सह्या नसतील तर बोर्डाच्या प्रॅक्टिकलला बसता येणार नाही.

सातवा आणि नववा नियम एकमेकांच्या मुळावर उठतात, हे इतकी वर्षं शिकवूनही माझ्या डोक्यात आलं नव्हतं.

मुलांच्या मात्र ते केव्हाच लक्षात आलं होतं. आधीच्या बॅचची रेकॉर्डं घरोघर फिरत. कुणाची बहीण, कुणाचा शेजारी, सगळ्यांकडे एक तरी जुनं रेकॉर्ड असायचंच. त्यामुळे ब्युरेटच्या काचनळीला हात लावण्याआधीच उत्तर किती यायला हवं हे वर्गाला पाठ असे. मग टायट्रेशन कसंही होवो, वहीत दहा पॉइंट शून्य. याला मुलं ‘रीडिंग कुक करणं’ म्हणत. मीही कॉलेजात तेच केलं होतं. मी सह्या करत गेले.

एका वर्षी वर्गात एक मुलगी होती. मूळची रत्नागिरीकडची. वडिलांचं मस्कतबाहेर बरका गावात किराणा आणि थंड पेयांचं छोटं दुकान होतं, तिथून ती रोज व्हॅनने येई. वर्गात इतरांशी इंग्रजी बोलायची, माझ्याशी अडखळत मराठी. पहिल्या पालकसभेला वडील दुकान बंद करून आले होते. नियमांच्या कागदावर सही करताना त्यांनी तो आधी पूर्ण वाचला. असं करणारे पालक मला क्वचितच भेटले.

“मॅडम, मी पोरीला शब्द दिलाय,” ते म्हणाले. “केमिस्ट्रीत नव्वद आले तर मुंबईला फार्मसीला हॉस्टेलला ठेवीन. नाय आले तर हितंच घरी बसून बाहेरून बी.ए. करायचं. तिनं पन कबूल केलंय.”

मी म्हटलं, “मुलगी हुशार आहे, पण बोलत नाही फारशी.”

“बोलते कमी,” ते म्हणाले, “पन खोटं नाय बोलत.”

सगळेच वडील आपल्या मुलांबद्दल असं काहीतरी म्हणतात. मी मान हलवली आणि पुढच्या पालकांना बोलावलं.

बकरी ईदच्या सुट्टीनंतर पहिल्याच आठवड्यात टायट्रेशन होतं. ब्युरेटमधून जांभळं परमँगनेट थेंबथेंब सोडायचं, खालच्या फ्लास्कमधल्या लोहाच्या द्रावणाला पहिली गुलाबी छटा आली की थांबायचं आणि किती मिलिलिटर गेलं ते लिहायचं. उत्तर दहाच्या आसपास. तास संपता संपता सगळे सहीसाठी रांगेत आले. दहा, दहा, दहा पॉइंट एक. मी वर न बघता सह्या करत होते. मग तिचं रेकॉर्ड आलं. आठ पॉइंट सहा, आठ पॉइंट सहा, आठ पॉइंट सहा.

“हे काय आहे?” मी विचारलं. “पुन्हा कर.”

तिने रेघ मारली, परत गेली, मधली सुट्टी बुडवून पुन्हा केलं.

“मॅम, परत तेच आलं. एट पॉइंट सिक्स.”

“अख्ख्या वर्गाचं दहा येतंय आणि तुझंच साडेआठ? लक्ष कुठे असतं तुझं? नीट कर, नाहीतर सही मिळणार नाही.”

ती आपल्या टेबलाकडे परत गेली. वीस मिनिटांनी रेकॉर्ड घेऊन आली. दहा पॉइंट एक, तीन वेळा, सुबक अक्षरात. मी “गुड” म्हटलं आणि सही केली.

दुपारी दुसऱ्या तुकडीचं प्रॅक्टिकल होतं, म्हणून मी त्याच बाटलीतल्या द्रावणाचं टायट्रेशन करून पाहिलं. आठ पॉइंट सहा आलं. पुन्हा केलं, पुन्हा आठ पॉइंट सहा. तेव्हा कुठे मी बाटलीकडे नीट पाहिलं. द्रावण फिकट हिरवं असायला हवं होतं, ते पिवळसर दिसत होतं. लेबलवर माझंच अक्षर, सुट्टीच्या आधीची तारीख. द्रावण करताना त्यात थोडं सल्फ्युरिक ॲसिड घालावं लागतं, नाहीतर हवेने त्याची ताकद उतरत जाते आणि परमँगनेट कमी लागतं. हे मी दरवर्षी फळ्यावर लिहून देत असे आणि या वेळी स्वतःच विसरले होते.

सकाळच्या रेकॉर्डांचा ढीग टेबलावरच होता. मी एकेक उघडून पाहिलं. त्या दिवशी त्या लॅबमध्ये कुणालाही दहा येणं शक्य नव्हतं. तरी सगळ्यांना आलं होतं आणि प्रत्येक दहाखाली माझी सही होती. खरं रीडिंग फक्त तिच्या पानावर होतं, एका आडव्या रेघेखाली, नियमाप्रमाणे वाचता येईल असं. मला लाज वाटली. त्याहून जास्त लाज त्या ‘गुड’ची वाटली.

दुसऱ्या दिवशी वर्गाला मी एवढंच सांगितलं, की द्रावण सुट्टीत खराब झालं होतं, ज्यांना हवं त्यांनी पुन्हा करा. कुणालाच नको होतं. त्यांचं उत्तर आधीच बरोबर होतं! तिला मात्र मी स्टाफरूममध्ये बोलावलं आणि सांगितलं, की चूक माझी होती आणि तुझं पहिलं रीडिंग खरं होतं. तिच्यासमोर मी ते दहा पॉइंट एक खोडलं, माझी सही खोडली, बाजूला ‘पहिलं रीडिंग बरोबर’ असं इंग्रजीत लिहिलं आणि नव्या द्रावणाने प्रयोग पुन्हा करायला सांगितलं.

ती पानाकडे बघत राहिली. “मॅम, मी नवीन पेजवर फेअर करू का? एक्झामिनर बघतील ना. नीटनेसचा मार्क असतो.”

“नाही,” मी म्हटलं. “सातवा नियम.”

आज वाटतं, नियमाचं मी उगाच नाव घेतलं. खरं पान तसंच राहायला हवं होतं ते माझ्या मनाच्या समाधानासाठी. ज्यांनी खोटं लिहिलं त्यांची रेकॉर्डं स्वच्छ राहिली आणि जिने खरं लिहिलं तिच्या पानावर लाल-निळ्या रेघांचा गोंधळ झाला.

फेब्रुवारीत बोर्डाचं प्रॅक्टिकल झालं. बाहेरचे परीक्षक दुसऱ्या शाळेतले, वयाने मोठे, शिस्तीचे गृहस्थ होते. मी त्यांच्या शेजारच्या खुर्चीवर होते. सकाळपासून ते दोनदा म्हणाले होते, की मॅडम, आपकी लॅब बहुत सिस्टमॅटिक है. तिचं रेकॉर्ड चाळताना ते त्या पानावर थांबले.

“इतनी काटछाँट? किसकी गलती है ये?”

तिने माझ्याकडे पाहिलं. फार नाही, क्षणभर.

“माय मिस्टेक, सर.”

मी बोलायला हवं होतं. एका वाक्याचं काम होतं. पण बाहेरच्या माणसासमोर जीभ उचलली नाही. त्यांनी एक मार्क कमी केला, मी शेजारी सही केली आणि पुढच्या मुलाला हाक मारली.

केमिस्ट्रीत तिला एकोणनव्वद मिळाले. लेखीला सत्तरपैकी साठ, प्रॅक्टिकलला तीसपैकी एकोणतीस. मार्कशीट न्यायला बापलेक दोघं आले. ती दाराबाहेर मैत्रिणींशी बोलत थांबली. वडील आत येऊन बसले आणि त्यांनी कागद माझ्यापुढे सरकवला.

“एका मार्कानं हुकलं, मॅडम. मला पन वाईट वाटलं. पन शब्द तो शब्द. तिनंच सांगितलं, अब्बा, ठरलं तसं करू.”

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. बाटली, ॲसिड, आठ पॉइंट सहा, परीक्षकांचा प्रश्न आणि माझं गप्प बसणं. काही राखून ठेवलं नाही. म्हटलं, “हा मार्क माझ्यामुळे गेला आहे. तिचे नव्वदच धरा.”

त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग मार्कशीटची घडी घालून खिशात ठेवली आणि समजूत काढल्यासारखं हसले.

“तुमी चांगल्या आहात, मॅडम, म्हनून अंगावर घेताय. पन मी तिला इचारलं होतं. ती म्हनली, चूक माझीच. आनि माझी पोर खोटं नाय बोलत.”