तिची नजर, माझी बोटं

परळीत आमचं मॅचिंग सेंटर होतं. बायका साडी घेऊन यायच्या आणि पप्पा तिला जुळणारा ब्लाउजपीस, अस्तर, फॉल काढून द्यायचे. ट्यूबलाइटखाली जुळलेला रंग खरा धरायचा नाही, हा दुकानाचा नियम. साडी आणि कापड घेऊन पायरीवर जायचं, उन्हात दोन्ही शेजारी धरायचं आणि मगच कात्री लावायची.

काही साड्यांना जुळणारं काहीच सापडायचं नाही. मग ती साडी आणि पांढरं रुबिया, म्हणजे ब्लाउजचं सुती कापड, मागच्या गल्लीतल्या रंगारी चाचांकडे जायचं. ते रंगवून झालं की त्यांची मुलगी घेऊन यायची. कापड अजून ओलसर असायचं. ओलं कापड गडद दिसतं, पण वाळल्यावर ते किती उतरेल हे तिला आधीच दिसत असे. पप्पा म्हणायचे, जास्त झालंय. ती म्हणायची, "वाळू द्या शेठ." आणि वाळल्यावर साडी कुठली, कापड कुठलं, ओळखू येत नसे. ती माझ्याच वयाची, पंधराची. सातवीनंतर तिची शाळा सुटली होती. मी इंग्रजी शाळेत जात होते.

त्या वर्षी सुरतेच्या एका मिलचा एजंट आमच्याकडे यायला लागला. त्याच्याकडे शेड कार्ड होतं. जाड पुठ्ठ्यावर नखाएवढे कापडाचे तुकडे चिकटवलेले, प्रत्येकाखाली नंबर. पहिल्या मोठ्या ऑर्डरवर भेटवस्तू होती: मिक्सर, नाही तर हातात धरून खेळायचा व्हिडिओ गेम. आईला मिक्सर हवा होता. पप्पांनी गेम घेतला. मी घरात फारशी बोलत नसे, त्यांना वाटलं पोरगी रमेल.

त्या गेममध्ये माणूस नव्हता, मोटार नव्हती, बंदूक नव्हती. काळ्या पडद्यावर नुसते रंगीत चौकोन. एका रंगाचे चार शेजारी आणले की ते नाहीसे होत आणि खालून नवी ओळ चढे; पडदा वरपर्यंत भरला की डाव संपला. पडद्याला स्वतःचा उजेड नव्हता, त्यामुळे खेळायलाही पायरीवरच बसावं लागे. काचेवर गावाजवळच्या औष्णिक वीज केंद्राची राख बसायची, ती ओढणीने पुसायची.

दुपारी गिऱ्हाईक नसताना कापड देऊन ती माझ्याशेजारी टेकू लागली. पहिल्या दिवशी बराच वेळ बघून तिने विचारलं, "हे कावून जुळवायलीस? नेसणार कोण हाय?"

मला पडद्यावर पिंक, पर्पल, ग्रीन दिसत. तिला राणी, चिंतामणी, शेवाळी दिसत. नवव्या लेव्हलला दोन रंग असे यायचे की मला ते एकच वाटत. ती सांगायची, हा अबोली आहे आणि हा कांदा. रंगाच्या पाण्याने भेगाळलेली तिची बोटं बटणांवर अडखळत, म्हणून आम्ही वाटणी केली. बघायचं तिने, दाबायचं मी. तिचा खांदा माझ्या खांद्याला टेकलेला असे आणि ती हळू आवाजात सांगे, डावीकडं, अजून थोडं, हां. शाळेत इतकं जवळ कुणी बसत नव्हतं. मीच बसू देत नव्हते.

शेड कार्डावरच्या नंबरांची तयार रंगीत थानं आली, तसं चाचांकडे जाणारं कापड कमी झालं. लग्नसराईतसुद्धा ती कधीतरीच येऊ लागली, आणि आली तरी हातात काही नसे. मला हे दिसत होतं. त्याबद्दल आम्ही बोललो नाही.

एका दुपारी पडद्याकडे बघतच तिने सांगितलं की घरचे सगळे मालेगावला चाललेत, तिचे मामू तिथे रंगाईच्या कारखान्यात आहेत. मग म्हणाली, "मी इथं खालाकडं, अम्मीच्या बहिणीकडं राहू शकते. अब्बा हो म्हणलेत, पण काम पाहिजे म्हणतेत. तुझ्या पप्पांना इचार ना, दुकानात ठेवतेत का मला. मॅचिंग बघीन मी."

मी म्हणाले, विचारते.

तीन दिवस सकाळच्या चहाला मी वाक्य तयार करून बसले. पप्पांकडे मी कधी काही मागितलं नव्हतं. वहीसुद्धा आईमार्फत मागत असे. पण तेवढंच कारण नव्हतं. ती दुकानात आली असती तर पप्पांनी तिला चहा सांगायला पाठवलं असतं, थानं उचलायला लावली असती, तिच्या नजरेचं गिऱ्हाइकांसमोर कौतुक केलं असतं. पायरीवर बसायला ती मोकळी राहिली नसती. मला ती हवी होती, पण तशीच, दुपारची, माझ्यापुरती.

चौथ्या दिवशी तिने विचारलं.

"पप्पा नको म्हणाले," मी म्हणाले. नजर पडद्यावरून काढली नाही.

"बरं," ती म्हणाली, आणि मग, "डावीकडं घे, न्हाई तर भरल." तो डाव तिने माझ्याकडून शेवटपर्यंत खेळवून घेतला.

ते सगळे गेले, तीही. नववी लेव्हल मला एकटीला कधीच सुटली नाही. पडदा उन्हाकडे कसाही वळवला तरी दोन्ही रंग एकच दिसत. मी अंदाजाने दाबायची आणि हरायची, तरी रोज त्या वेळी पायरीवर जाऊन बसत होते.

दिवाळीच्या आधी एक बाई साडी घेऊन आल्या. कार्डावरचे दोन नंबर जवळ येत होते, पण जुळत एकही नव्हता. पप्पांनी मला पायरीवर बोलावून विचारलं. मी एकावर बोट ठेवलं. बाईंनी माझ्याकडे पाहिलं, राहू द्या म्हणाल्या आणि गेल्या.

पप्पा थान गुंडाळू लागले. "चाचांची पोरगी पाहिजे होती आज," ते म्हणाले. "जायच्या आधी माझ्या मनात आलतं, ठेवावी म्हणून. पण दुसऱ्याच्या पोरीला कामाला राहा असं आपण कसं म्हणायचं? तिनं नुसतं विचारलं असतं, तरी ठेवली असती."

मी थानाचं दुसरं टोक धरून उभी होते.

"तुझी मैत्रीण होती ना? पत्ता हाय का तिचा?"

मी नाही म्हणाले. ते खरंच होतं. तिची खाला दोन गल्ल्या पलीकडे राहते. तिला पत्ता विचारायला मी अजून गेलेले नाही.