खिडकीतून झालेली वसुली

सरकार बॅगा घेऊन घरी परतल्या तेव्हा गल्लीतल्या काही लोकांना वाटलं, सुट्टीवर आल्यात. बाकीच्यांना खरं काय ते आधीच ठाऊक होतं, कारण सरकारच्या आईला देवाशी मोठ्यानं बोलायची सवय होती.

घर वडिलांच्या लाँड्रीच्या वरच्या मजल्यावर. आई सकाळी रस्त्याकडची खिडकी उघडायची, हात जोडायची आणि घरातलं सगळं देवाच्या कानावर घालायची. मनातल्या मनात केलेली प्रार्थना म्हणजे पत्ता न घालता टाकलेलं पाकीट, अशी तिची समजूत होती. शिवाय देव लांब, मधे रहदारी फार, म्हणून आवाज चढा. त्या सकाळी ती म्हणाली, "देवा, पोरगी परत येतेय. तिची नोकरी गेली, कार्डांवर डोंगराएवढं कर्ज झालंय. तिला सांभाळ. आणि एवढी कृपा कर, हे कुणाला कळू देऊ नकोस."

हे शेवटचं वाक्य समोरच्या केशकर्तनालयात स्वच्छ ऐकू गेलं.

'सरकार' हे नाव आत्यानं ठेवलेलं. लहानपणी पोरगी लाँड्रीच्या काउंटरवर पाय सोडून बसायची आणि येणाऱ्या गिऱ्हाइकांना हुकूम सोडायची. मोठी झाल्यावर ती मोठ्या शहरात गेली आणि प्रदर्शनांचे मंडप सजवणाऱ्या कंपनीत लागली. चार पैसे हाती आले आणि न आलेले पैसेही खर्च करता येतात, हे कळलं. पहिल्या कार्डावर कॉफीचं मशीन आलं आणि व्यायामासाठी घरातल्या घरात चालायचा पट्टा आला. त्या पट्ट्यावर ती दोनदा चालली, मग त्यावर टॉवेल वाळत पडू लागले. पहिलं कार्ड गळ्याशी आलं तेव्हा त्याचं तोंड बंद करायला दुसरं घेतलं आणि दुसऱ्याची समजूत काढायला तिसरं. दर महिन्याला बँक सांगेल ती कमीत कमी रक्कम ती इमानानं भरायची आणि आपण फार शिस्तीच्या आहोत असं समजायची. मग कंपनीच बसली.

परत आल्यावर कळलं, तिची खोली उरलेली नाही. म्हणजे खोली होती, पण तिथं आडव्या दांड्या ठोकून, धुऊन तयार असलेले आणि कुणी न्यायलाच न आलेले कपडे टांगलेले होते. कोट, शाली, कुणाचा तरी पायघोळ झगा, सगळे प्लास्टिकच्या पिशव्यांत. कोपऱ्यात मखमली पडद्यांचा एक ढिगारा. खाट त्यांच्या खाली.

"बाबा, हे विकून का नाही टाकत?"

"लोकांचे आहेत ते. उद्या आले तर?"

"हा कोट मी शाळेत असल्यापासून इथं आहे!"

"मग आता येईलच तो माणूस," बाबा म्हणाले.

"झोप गुमान," आत्या म्हणाली. तिचं लग्न मोडल्यापासून ती इथंच राहायची आणि दुकानात इस्त्री करायची. "ह्या खोलीत नेमके न नेलेलेच नग ठेवतो आम्ही. तू काही वेगळी नाहीस."

सरकार कामाला लागल्या. सकाळी काउंटर, कॉलरच्या आत नंबराच्या चिठ्ठ्या शिवणं, डाग कशाचा ते गिऱ्हाइकाकडून काढून घेणं. दुपारी कुणाकुणाच्या दुकानांची जाहिरातपत्रकं करून देणं. कॉफीचं मशीन विकलं, चालायचा पट्टा विकला. हॉटेलाचं जेवण बंद, नवे कपडे बंद; नाहीतरी निजायला डोक्यावर इतके कोट होते. पहिलं कार्ड फिटलं, दुसरंही फिटलं. तिसरं मात्र जळवेसारखं चिकटलेलं.

त्या तिसऱ्या कार्डाच्या वसुलीची बाई रोज फोन करायची. आवाज असा की मधात बुडवून काढलेली सुरी. "मॅडम, आपण जबाबदार नागरिक आहात ना? मग आपल्याला रात्री झोप कशी लागते?" सरकारला तिची वाक्यं पाठ झाली होती.

एक दिवस त्याच बाईनं वेगळंच सांगितलं. महिनाअखेरपर्यंत ठरलेली रक्कम एकरकमी भरली तर बँक बाकीचं व्याज सोडून द्यायला तयार होती. नाही भरली तर व्याज पुन्हा पहिल्यासारखं धावणार. सरकारकडे त्यातले अर्धेच पैसे होते. तिनं घरात हे सांगितलं ती तिची चूक झाली.

बाबांनी जेवता जेवता ऐकलं, हात धुतला आणि म्हणाले, "प्रेस विकू."

दुकानातली वाफेची मोठी प्रेस म्हणजे बाबांचं दुसरं अपत्य. पहिल्यापेक्षा जास्त ऐकणारं. आयुष्यभराच्या बचतीतून घेतलेलं ते धूड उघडझाप करताना असा सुस्कारा सोडायचं की नव्या गिऱ्हाइकाला वाटावं, आत कुणीतरी दुःखी माणूस बसलाय.

"आणि मग काम कसं करणार?"

"हातानं. माझे हात कुठे गेलेत?"

"हात आहेत, खांदा गेलाय," आत्या म्हणाली. बाबांचा उजवा हात खांद्याच्या वर जात नव्हता, हे घरात सगळ्यांना माहीत होतं. प्रेस गेली की उरलासुरला खांदाही जाणार आणि त्याच्या मागोमाग दुकान.

पण बाबांनी पलीकडच्या रस्त्यावरच्या लाँड्रीवाल्याला शब्द देऊनही टाकला. तो येत्या शनिवारी टेम्पो घेऊन येणार होता. इतकी वर्षं कर्ज तिचं होतं, बाबांना त्याचा धक्का लागला नव्हता. आता तिच्या त्या दोनदाच वापरलेल्या पट्ट्यापायी बाबांची प्रेस जाणार होती.

घरात आणखी एक गोष्ट सगळ्यांना माहीत होती, ती म्हणजे 'हॉलचं येणं'. समारंभाचा मोठा हॉल चालवणारा गृहस्थ बाबांचा वर्गमित्र. त्याचे पडदे, टेबलक्लॉथ, खुर्च्यांची आवरणं वर्षानुवर्षं इथं धुतली गेली आणि पैसे 'पुढच्या खेपेला' राहिले. शेवटची खेप म्हणजे खोलीतला तो मखमली ढिगारा. हॉलवाल्यानं नवे पडदे घेतले आणि जुने न्यायला तो फिरकलाच नाही. ह्या येण्याबद्दल घरात, परदेशी गेलेल्या नातलगाबद्दल बोलावं तसं बोलत. येईल, कधीतरी येईल. ते आलं असतं तर बँकेचं भागलं असतं.

"बाबा, मागा ना त्याच्याकडे."

"मित्राकडे पैसे मागायचे?"

"आपलेच!"

"म्हणून तर जास्त वाईट दिसतं."

सरकारनं मग स्वतःच दुकानाचा फोन उचलला. बोलायचं काय ह्याचा प्रश्नच नव्हता, शिकवणी रोज चालू होती. तिनं आवाज मधात बुडवला.

"नमस्कार सर. आपलं खातं बऱ्याच काळापासून थकीत आहे. आपण जबाबदार व्यावसायिक आहात ना? मग आपल्याला रात्री झोप कशी लागते?"

"उशी घेऊन," हॉलवाला म्हणाला. "अगं, तू लाँड्रीवाल्याची पोरगी ना? आवाज असा काय येतोय? सर्दी झालीय का?"

"सर, रक्कम न भरल्यास आम्हाला प्रकरण वर पाठवावं लागेल."

"वर कुठे? तुझ्या आईकडे?" हॉलवाला खदखदून हसला आणि त्यानं फोन ठेवला. तेवढ्यावर थांबला असता तर बरं. त्यानं संध्याकाळी बाबांना गाठून, पोरीला जरा आवर, असंही सांगितलं.

बाबा घरी आले ते पडलेला चेहरा घेऊन. "मला मान खाली घालायला लावलीस."

"पैसे त्यानं बुडवलेत आणि मान तुम्ही खाली घालताय?"

"तुला ज्या भाषेत बोललेलं सोसत नाही, त्याच भाषेत तू माझ्या गिऱ्हाइकाशी बोललीस."

ती खोलीत जाऊन कोटांखाली पडून राहिली. आई भाजी निवडत होती. तिनं सगळं ऐकलं होतं, पण ती एवढंच म्हणाली, "हॉलवाले भाऊजी रोज सकाळी फिरायला जातात, नाही का?"

"जातात. साखर आहे ना त्यांना," आत्या म्हणाली.

"हं," आई म्हणाली आणि पुढची जुडी सोडली.

दुसऱ्या दिवशी खिडकी उघडली. खाली, लाँड्रीला लागून असलेल्या चहाच्या टपरीवर फिरून आलेली मंडळी उभी होती. दवाखान्यातला कंपाउंडर, पेन्शनीतले मास्तर आणि मधोमध हॉलवाला, बिनसाखरेचा कप घेऊन. सरकार खालीच दुकानाचं शटर वर करत होती.

"देवा," वरून आवाज आला, "आमच्या हॉलवाल्या भाऊजींना सांभाळ. भला माणूस आहे. आमच्या धुलाईच्या बिलाचं केवढं ओझं असेल त्यांच्या मनावर! इतक्या वर्षांचं! रात्ररात्र झोप लागत नसेल रे त्यांना. विचारलं तरी ते कुणाला सांगणार नाहीत. तूच ते ओझं उतरव."

हॉलवाल्याला ठसका लागला. कंपाउंडरनं त्याची पाठ चोळली.

सरकारनं शटर अर्ध्यावरच सोडलं आणि ती धावत वर गेली. "आई! हे काय?"

"प्रार्थना," आई म्हणाली.

"देवाला वसुलीला लावलंस?"

"वाटेल ते बोलू नकोस. वसुली तू करत होतीस. मी त्यांचं भलं चिंतलं."

तिच्या चेहऱ्यावरची एक रेषही हलली नाही. ह्या बाईनं आयुष्यात कधी डाव टाकला नव्हता, की आयुष्यभर तेवढंच केलं होतं, हे सरकारला कळेना.

पुढच्या सकाळी केशकर्तनालयवाला हातात कात्री घेऊन मुद्दाम दारात येऊन उभा. आईनं कुणालाच नाराज केलं नाही. "देवा, कालचं ऐकलंस ना? भाऊजी अजून आले नाहीत. तब्येत बरी नसेल. त्यांची साखर वाढवू नकोस. त्यांना नवे पडदे घ्यायची ऐपत दिलीस, तशी जुने धुतल्याचे पैसे द्यायचीही दे. देणारा तूच आहेस, ते तर नुसते निमित्त."

आता मास्तर चहा घेता घेता विचारू लागले, "काय, झोप लागली का काल?" कंपाउंडरनं गोळी सुचवली. हॉलवाल्यानं फिरायचा रस्ता बदलला. लगेच दुसऱ्या दिवशी आई म्हणाली, "देवा, भाऊजी हल्ली मागच्या रस्त्यानं जातात. तिथं खड्डे फार आहेत. मनावर एवढं ओझं घेऊन चालणारा माणूस, त्याचा पाय मुरगळायला नको."

बाबांना तोंड लपवायला जागा उरली नाही. "तिला कुणीतरी थांबवा!"

"प्रार्थनेच्या मधे कोण बोलणार?" आत्या म्हणाली. "पाप लागतं."

शनिवार उजाडला. टेम्पो आला. पलीकडचा लाँड्रीवाला पाना-पक्कड घेऊन प्रेसभोवती दोनदा फिरला आणि वाफेच्या नळीचा पहिला नट सैल करायला बसला. बाबा प्रेसच्या झाकणावर हात ठेवून उभे, दुसरीकडे कुठेतरी बघत. सरकार काउंटरमागे. तिला वाटलं, आयुष्यात पुन्हा काही विकत घेतलं तर फक्त मीठ.

तेवढ्यात हॉलवाला आला. लाल चेहरा, हातात जाड पाकीट. त्यानं ते काउंटरवर आपटलं.

"घे बाबा. पै न् पै आहे. फक्त वहिनींना म्हणावं, देवाला सांगा, मिळाले म्हणून."

आई जिन्यावरूनच म्हणाली, "तुम्हीच सांगा की, भाऊजी. तो काय बहिरा आहे?"

"बहिरा नाही ना? मग तुम्ही एवढ्या मोठ्यानं का सांगता?"

बाबांचं ह्या बोलण्याकडे लक्षच नव्हतं. मित्र पैसे घेऊन आला, ह्यानंच ते इतके ओशाळले की त्यांचा तोल गेला. "अरे, एवढे कशाला? जुनी खेप आहे. थोडे कमी कर. निम्मे राहू देत की!" आणि ते खरोखरच पाकिटात हात घालून नोटा परत काढायला लागले.

पण आत्या गरम इस्त्री हातात घेऊन तशीच पुढे आली आणि तिनं दुसऱ्या हातानं पाकीट उचललं.

"सवलत बँकेनं दिलीय तेवढी पुरे, दादा," ती म्हणाली. मग हॉलवाल्याकडे वळली. "पडदे वर आहेत. आजच घेऊन जा, पोरीला पाय पसरायला जागा होईल."

नट पुन्हा आवळला गेला. आलेला टेम्पो रिकामा कशाला पाठवायचा, म्हणून त्यातूनच हॉलवाल्याचे पडदे गेले. भाडं हॉलवाल्यानं दिलं, तेही न मागता.

सोमवारी सरकारनं बँकेत पैसे भरले. पावती आणून बाबांसमोर ठेवली. बाबांनी ती चष्मा लावून वाचली. मग सुईदोरा मागितला, लाँड्रीची एक चिठ्ठी काढली, तिच्यावर गिऱ्हाइकाचा नंबर घातला आणि ती सरकारच्याच सदऱ्याच्या कॉलरला आतून शिवून टाकली.

"हे काय, बाबा?"

"हॉलचे पैसे दुकानाचे होते. आता तू दुकानाचं गिऱ्हाईक. दर महिन्याला जमेल तेवढं द्यायचं. व्याज नाही. पण न देता निघून गेलीस, तर दांडीवर टांगून ठेवीन."

दोन दिवसांनी त्याच बँकेतून फोन आला. ह्या वेळचा आवाज एका तरुण मुलीचा आणि आनंदी होता. मॅडमनी कर्ज वेळेत फेडल्याबद्दल बँक त्यांना एक नवीन कार्ड, पहिल्यापेक्षा मोठ्या मर्यादेचं, देऊ इच्छित होती. सरकारनं एक शिवी अर्धी तोंडात आणली, आईकडे बघून गिळली आणि फोन ठेवला. पण 'मोठी मर्यादा' म्हटल्यावर क्षणभर तिचे कान टवकारले होते. आईनं ते पाहिलं होतं.

सकाळी खिडकी उघडली. खाली टपरीवर सगळे कप हवेत थांबले. हॉलवाला पुन्हा जुन्याच रस्त्यानं फिरायला यायला लागला होता, कारण आता ऐकायची मजा त्याचीही होती.

"देवा," आई म्हणाली, "त्या बँकेतल्या मुलीला लवकर चांगल्या ठिकाणी काम मिळू दे. आमच्या माणसांना सुखानं राहू दे. आणि आमच्या सरकारला बापाचा हप्ता वेळेवर द्यायची बुद्धी दे. मला उगाच रोज तिच्याबद्दल बोलायला लावू नकोस. माझा आवाज तुला माहीत आहे."

सरकार जिना उतरता उतरता थबकली. परत वर गेली, उशीखालून पैसे काढले आणि महिना संपायला बराच अवकाश असताना खाली काउंटरवर नेऊन ठेवले.