कुदळवाले शिपाई

माझा धाकटा भाऊ फौजेत होता आणि रस्ते बांधायचा. यातला दुसरा भाग आमच्या वडिलांच्या घशाखाली कधी उतरला नाही. अमरावतीच्या कोर्टात त्यांची वकिली. बाररूममध्ये कुणी विचारलं की छाती काढून म्हणायचे, "पोरगा बॉर्डरवर असते." रस्त्याचं मात्र गिळून टाकायचे.

मी अकोल्याला शाळेत इतिहास शिकवते. एका वर्षी गॅदरिंगला रोमन नाटुकलं ठरलं. ड्रेपरीवाल्याकडून पोशाख आले आणि माझं डोकंच फिरलं. लालभडक झगे, सोनेरी चिलखतं, डोक्यावर झाडूसारखे तुरे, मनगटांवर चामड्याचे रुंद पट्टे! हे पट्टे सिनेमावाल्यांनी चढवलेले. आणि तुरा मिरवत रोज कोण हिंडतो हो?

भाऊ तेव्हा सुट्टीवर आला होता, माझ्याकडेच. त्याच्यासमोर मी तणतणले. म्हटलं, खरा रोमन शिपाई दिवसभर ओझं वाहत चालायचा आणि मुक्काम आला की कुदळ हाती घ्यायचा. छावणीभोवती खंदक खणायचा, मातीचा बांध घालायचा. लढाई कधीमधी, रस्ते, पूल, भिंती बारा महिने. थंड मुलखातल्या एका ठाण्यावर तर कुणाला तरी मोजे आणि चड्ड्या पाठवल्याची चिठ्ठी सापडली आहे.

तो पोट धरून हसला. "बाप्पा! ताई, हे तर आमीच झालो की! मोजे तर मी बी तुलेच मागतो."

त्याचा तो आनंद पाहून मी नाटकात खंदक खणण्याचा प्रवेश घातला. मुख्याध्यापिकाबाईंनी तो काढला. "मॅडम, पालक काय खड्डे पाहायले येतात?" झालं! तलवारी खणखणल्या, शिट्ट्या पडल्या. वडील मुद्दाम अमरावतीहून आले होते, पुढच्या रांगेत बसून टाळ्या वाजवत होते.

घरी चहा पिताना ते भावाला म्हणाले, "पाह्यलं? याले म्हणतात शिपाई. तू नुसती माती उपसून राहिला."

माझ्या अंगाची लाही झाली. "बाबा, ते खोटे होते! खरे याच्यासारखेच होते!"

भाऊ बशीकडे पाहत म्हणाला, "जाऊ दे न ताई. बाबाले एकदा आमचा रस्ता दाखवतो. मंग पायतील ते." त्याला ते किती लागलं होतं, मला दिसत होतं. दोन दिवसांनी तो ड्यूटीवर गेला. मी लोकरीचे मोजे बांधून दिले.

पुढच्या पावसाळ्यात, रस्त्यावर आलेली दरड हटवत असताना वरून दुसरी कोसळली. भाऊ तिरंग्यात लपेटून अमरावतीच्या घरी आला.

सोबत त्याच्या तुकडीतला एक जवान होता. तो वडिलांच्या पाया पडला आणि हिंदीत म्हणाला, की भावाला डोंगरावरून ज्या रस्त्याने खाली आणलं, तो भावानेच बांधलेला होता. वडील त्या पोराचा हात धरून बसले.

अंत्ययात्रा निघाली. चौकात कॉलनीतल्या पोरांनी भलामोठा फ्लेक्स लावला होता. भावाचा चेहरा दुसऱ्याच कुणाच्या तरी धडावर चिकटवलेला, हातात मशीनगन, मागे रणगाडे आणि जाळ. पोरांनी प्रेमानंच केलं होतं, त्यांना कसं रागवावं?

वडील तिथे थांबले. चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"हे उतरवा."

पोरं घाबरली. "काकाजी, काही चुकलं काय?"

कोर्टातले झाडून सगळे वकील तिथे उभे होते. त्यांच्या देखत वडील मोठ्यानं म्हणाले, "माहा पोरगा रस्ते बांधे. त्याच्या हातात कुदळ द्या."